जस्ताची चकती

"यांच्या घरी एकच डबा असतो. मीठ त्यातच, तिखट त्यातच. इथंही तेच केलं हिनं."

सर हे वीस-पंचवीस लोकांसमोर बोलले. मोठ्यानं. हसत हसत. आणि सगळे हसले.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्या हसण्याची लाज वाटून सुरू झालं.

वर्ध्याच्या एका कॉलेजातली भौतिकशास्त्राची लॅब. नव्वदीच्या मधली गोष्ट. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सर आमचे विभागप्रमुख. त्या दिवशी संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, इतर कॉलेजांतले प्राध्यापक असे सगळे प्रयोग बघायला आले होते. टेबलावर थर्माकोलचे तीन वाडगे. तिन्हींत द्रवरूप नायट्रोजन. पांढरा धूर टेबलावरून खाली सांडत होता. प्रत्येक वाडग्यात बटणाएवढी एकेक काळी चकती. तिन्ही चकत्या माझ्या हातच्या.

सरांनी चिमट्यानं इवलासा चुंबक उचलला आणि पहिल्या चकतीवर सोडला. चुंबक अधांतरी राहिला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या चकतीत निकेल मिसळलेलं होतं. सरांनी आधीच सांगितलं, "आता बघा, इथं चुंबक खाली बसेल." तो बसला नाही. थोडा कमी उंच, पण तरंगला. तिसऱ्या चकतीत जस्त होतं. "इथं तरंगेल," सर म्हणाले. चुंबक टक्कन चकतीवर बसला. सरांनी उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा बसला.

कुणीतरी खोकलं. सर माझ्याकडे वळले. "पुड्या बदलल्यास तू," ते म्हणाले. आणि मग ते डब्याचं वाक्य.

मी नाचणगावची. पुलगावहून सकाळची पॅसेंजर धरून वर्ध्याला यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. आम्ही बौद्ध. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. मी अकरावीत असताना तो गेला. माय लोकांकडे धुणीभांडी करायची आणि उन्हाळ्यात घरोघर मिरची कुटायला जायची. हजेरी घेताना सर बाकीची आडनावं भरभर वाचायचे. माझ्या आडनावाशी थांबायचे, चष्म्याच्या वरून बघायचे, मग पुढे जायचे. दोन वर्षं, रोज. सवय झाली होती मला त्याची.

आमच्या सहा जणांच्या गटाला प्रकल्प मिळाला होता तो उच्च तापमानाच्या अतिवाहकांचा. अतिवाहक म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला अजिबात न अडवणारा आणि वर ठेवलेल्या चुंबकाला अधांतरी धरणारा पदार्थ. यातलं उच्च तापमान म्हणजे शून्याखाली एकशे ऐंशी अंशांच्या आसपास. भौतिकशास्त्रात यालाच उच्च म्हणतात. वर्ध्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या लॅबमध्ये बसून ते वाचताना आम्हाला हसू यायचं.

पहिल्याच दिवशी सरांनी कामं वाटली. सुहासला आकडेमोड. तो वकिलाचा मुलगा, सर त्याला बेटा म्हणायचे. दोघांना ग्रंथालयात बसून संदर्भ काढायचं काम. दोघांना वीज आणि तापमानाची मोजणी. माझ्याकडे बघून सर म्हणाले, "हिच्या आईनं जन्मभर मिरच्या कुटल्या आहेत. हिच्या हाताला सवय असणार. खल हिच्याकडे द्या."

माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर सरांची सही लागायची. मायचा व्यवसाय त्यांनी तिथं वाचलेला. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की सरांच्या लक्षात आहे. इतकी मूर्ख होते मी.

तेव्हापासून खल माझ्याकडे. अकीकाच्या दगडाचा गुळगुळीत खल. इट्रियमची पूड, बेरियमची पूड, तांब्याची पूड. तोलायची, घोटायची, तासन्‌तास घोटायची. बेरियमची पूड विषारी, म्हणून तोंडाला ओला रुमाल बांधून. मग भट्टीत नऊशे अंशांच्या वर भाजायची, बाहेर काढून पुन्हा घोटायची, यंत्रात दाबून चकती करायची, पुन्हा भाजायची आणि ऑक्सिजनमध्ये हळूहळू गार होऊ द्यायची. घाई केली की चकती वाया. माझी एकही वाया गेली नाही.

नायट्रोजन आणायचं कामही माझंच. तो मिळायचा गुरांच्या दवाखान्यात. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य त्यात ठेवतात. गुरुवारी नागपूरहून त्यांची गाडी यायची, त्या दिवशी डॉक्टर आम्हाला दोन-तीन लिटर द्यायचे. मी कंटेनर सायकलच्या कॅरिअरला ट्यूबनं बांधायची आणि हळूहळू चालवत आणायची. "वळूवाली आली," गटातली मुलं म्हणायची. सरांच्या कानावर ते पडायचं. सर फळ्याकडे वळायचे.

पण मला तो विषय आवडला होता. हे कुणी विचारलंच नाही.

इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. दोघांवर सारखाच भार, ढकलणारच. तरीही काही पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांच्या जोड्या जमतात, आणि जोड्यांनी चालणाऱ्या विजेला कुठेच अडथळा होत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुलगावला उतरायचं विसरले होते. शिसं, पारा अशा जुन्या धातूंत हे कसं होतं ते पुस्तकात होतं. पहिला इलेक्ट्रॉन जाताना आजूबाजूच्या अणूंना किंचित आपल्याकडे ओढतो. ते परत जागेवर जायला वेळ लावतात. तेवढ्यात त्या जमलेल्या अणूंच्या ओढीनं दुसरा इलेक्ट्रॉन मागून येतो. म्हणजे अणूंचा सांगाडाच दोघांच्या मधला मध्यस्थ. पण आमच्या काळ्या चकतीत, एवढ्या वरच्या तापमानाला, मध्यस्थी कोण करतं? पुस्तकात नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. जगातल्या मोठमोठ्या लोकांनाही नव्हतं, आणि मला नाचणगावात बसून ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या आणि माझ्या अज्ञानात काही फरक नव्हता. मला ते फार आवडायचं.

वर्गात एकदा मी उभी राहिले. घाईत घरचंच तोंडात आलं. "सर, मंग ह्याच्यात जोडी कोन जमवते?"

वर्ग खुसखुसला. सर म्हणाले, "तुला काय करायचंय? तुझं वाटण झालं का?"

मी खाली बसले.

मध्यस्थ सापडत नसेल तर एक वाट असते. जोडी मोडायची आणि कशानं मोडते ते बघायचं. चकतीतल्या तांब्याच्या काही अणूंच्या जागी दुसरे अणू बसवायचे. निकेलला चुंबकत्व असतं, जस्ताला नसतं. जुन्या धातूंत चुंबकी अणू घुसला की जोडीतल्या एकाला उलटा फिरवतो आणि जोडी मोडते. चुंबकत्व नसलेला अणू घुसला तर फारसं बिघडत नाही. सर धरून चालले होते की आमच्या चकतीतही असंच होणार. नागपूरच्या एका परिषदेला त्यांनी तसा सारांशही पाठवला होता, निष्कर्षासकट. तो निष्कर्ष चकत्यांतून काढून दाखवायचा, एवढंच आमचं काम होतं. चकत्यांनी उलटं दाखवलं.

पाहुणे गेल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर कोरा कागद सरकवला.

"लिही. माझ्या निष्काळजीपणामुळे निकेल व जस्ताच्या नमुन्यांची अदलाबदल झाली. त्याबद्दल मी क्षमा मागते."

"सर, मी तर..."

"तुला खात्री आहे? शंभर टक्के?"

मी कागदाकडे पाहिलं.

"सही करतेस, की प्रकल्पातून नाव काढू?"

मी सही केली. माझ्याच पेनानं. सरांनी प्रयोगाची नोंदवही ओढली आणि लाल शाईनं माझे मथळे खोडले. निकेलच्या जागी जस्त, जस्ताच्या जागी निकेल. दोन शब्द. सारांश बरोबर झाला.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही, की मला ते पटलं होतं. गाडीत बसले तोवर माझी खात्री झाली होती की बदलल्याच मी. कधी बदलल्या, कशा बदलल्या, हेसुद्धा डोळ्यांपुढे दिसायला लागलं. दोन वर्षं कुणी रोज तशा नजरेनं बघितलं की आपण स्वतःकडे त्याच नजरेनं बघू लागतो. माझ्या घरी मिठाला आणि तिखटाला वेगळे डबे होते. चांगले ठोकून झाकण बसवलेले. तरी मी हसले होते. सरांना खोटं पाडायचं नव्हतं मला.

घरी जेवायला बसले. भाकर नुसती कुस्करत बसले. माय म्हणाली, "काऊन वो, अशी काऊन बसली?"

"माह्या हातानं पुड्या बदलल्या, माय. सायबाचं काम बिघडलं."

"बदलताना पाह्यलं का तू?"

"नाई. पन बदलल्या असन."

"असन, का बदलल्या?"

मायनं भाकर ताटात टाकली आणि चुलीपुढे बसली. मग म्हणाली, "मले वाचता येत नाई. चक्कीवर वीस-वीस डबे राह्यतेत. माह्या ज्वारीच्या फडक्याले एक गाठ, गव्हाच्याले दोन. कोनाचं पीठ मी घरी आनलं नाई, न माह्यं कोनाच्या घरी गेलं नाई. सात घरच्या मिरच्या एका दिवशी कुटतो मी. कोनी म्हनलं का आजवर, बाई, माही मिरची बदलली म्हनून? तू तं एवढी शिकली. तुले तुह्या हातचं ठाऊक नाई?"

मी हात धुतला आणि उठले. आठवायला लागले. पहिल्यांदाच नीट आठवायला लागले. जस्ताची पूड पांढरी असते. निकेलची हिरवी. घोटून भाजल्यावर सगळंच काळं होतं, पण तोलताना एक पांढरी आणि एक हिरवी. मी आधी पांढरी तोलली होती, घोटली होती, पुडी बांधून नाव घातलं होतं. खल धुतला होता. मगच हिरवी उघडली होती. ती हिरवी पूड माझ्या नखांत अडकली होती आणि दुपारी डबा खाण्याआधी मी साबणानं बोटं घासली होती. आंधळ्या माणसाची चूक होईल एक वेळ. माझे डोळे धडधाकट होते.

मला राग आला. सरांचा नंतर आला. आधी स्वतःचा आला. सही करताना ही पांढरी न्‌ हिरवी कुठे गेली होती?

सोमवारपासून मी तिन्ही चकत्या पुन्हा करायला घेतल्या. कुणाला न विचारता. लॅबचे परिचर काका आमच्याच बाजूच्या गावचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खलाकडे पाहिलं. म्हणाले, "भट्टीची चाबी खुंटीले हाये. मी काई पाह्यलं नाई न्‌ मी काई बोलनार नाई." त्यांना नोकरी होती, मुली लग्नाच्या होत्या. मी त्यांना दोष दिला नाही. आजही देत नाही, पण मन थोडं खट्टू होतं.

या वेळी मी एक केलं. यंत्रातून चकती निघाली की ती भाजण्याआधी, कच्ची असतानाच सुईनं तिच्या कडेला रेघ ओढायची. साध्या चकतीला एक. निकेलला दोन. जस्ताला तीन. आणि रेघ ओढल्याशिवाय दुसरी पुडी उघडायचीच नाही. मायच्या गाठी होत्या त्या, दुसरं काही नव्हतं. धागा भट्टीत जळला असता, रेघ जळत नाही.

गुरुवारी नायट्रोजन आणला. दुपारची वेळ, लॅब रिकामी. एका रेघेच्या चकतीवर चुंबक तरंगला. दोन रेघांच्या चकतीवर तरंगला. तीन रेघांच्या चकतीवर खाली बसला. मी तीनदा करून पाहिलं. आनंद वगैरे काही झाला नाही, भीती वाटली. कारण आता मला सरांकडे जावं लागणार होतं.

मी सगळं सांगितल्यावर सरांनी चकत्या भिंगाखाली पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, तुझं बरोबर आहे. म्हणाले, "रेघा कुणीही ओढेल."

"सर, तुमच्या समोर करते. तुम्ही तोला, तुम्ही पुड्या बांधा."

"चकती दाखवून मला सिद्धांत शिकवू नकोस."

मग त्यांचा आवाज मऊ झाला. खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "अगं, तुझ्या भल्याचं सांगतो. माफीपत्र दिलंस, विषय संपला. तोंडी परीक्षेत तेच सांग. चांगले गुण देतो. तुम्हा लोकांना कुणीतरी सांभाळून घ्यावंच लागतं."

डब्याच्या वाक्याला मी हसले होते. या वाक्याला हसू आलं नाही. रेघा भाजण्याआधीच्या आहेत, म्हणजे माझी चकती बरोबर आहे, हे त्यांना त्या भिंगातून दिसलं होतं. माझी खात्री आहे. दिसलं, आणि तरी त्यांना ती चुकीचीच हवी होती. बदल्यात मला गुण मिळणार होते, आणि मी उपकार मानायचे होते. आधीचं सगळं मी अज्ञानाच्या खात्यात टाकलं होतं. आता टाकता येईना.

तोंडी परीक्षा पुढच्या गुरुवारी होती. बाहेरगावचे परीक्षक आले होते. टेबलावर समोसे, चहा. माझ्या आधी सुहास बोलला. त्यानं सांगितलं की नमुन्यांची अदलाबदल झाली होती, नंतर ती दुरुस्त करण्यात आली. मी पूड तोलत होते तेव्हा सुहास शेजारीच उभा होता. हिरवी पूड बघून "पोपट कुटून राह्यली का" असं त्यानंच चिडवलं होतं मला. बोलून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

माझी पाळी आली. परीक्षकांनी विचारलं, "हे नमुने बदलले कसे?"

"बदलले नाहीत," मी म्हणाले.

सर म्हणाले, "माफीपत्र आहे हिचं." आणि फाइल पुढे केली.

"ते पत्र खोटं आहे. मी घाबरून सही केली. ते मी मागे घेते." मी तिन्ही चकत्या टेबलावर ठेवल्या. "नायट्रोजन सकाळीच आणला आहे, दाराशी आहे. पाच मिनिटं लागतील. तुम्हीच बघा."

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. परीक्षकांनी समोशाचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "वेळ नाही आता. पुढच्याला बोलवा."

पाच मिनिटं. समोशाला वेळ होता.

मी नोंदवही उचलली. लाल शाईच्या खाडाखोडीखाली मी लिहिलं: वरील बदल मला मान्य नाही. नमुन्यांची अदलाबदल झालेली नाही. जस्ताच्या चकतीवर चुंबक तरंगत नाही, निकेलच्या चकतीवर तरंगतो. हे मी स्वतः पाहिलं आहे. खाली पूर्ण सही केली, तारीख घातली.

"बाहेर हो," सर ओरडले. पहिल्यांदाच ओरडले. दोन वर्षांत त्यांनी मला ओरडण्याच्या लायकीचंही मानलं नव्हतं.

मी बाहेर पडले. नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यात परत नेऊन दिला. डॉक्टर म्हणाले, "काऊन, आज प्रयोग नाई झाला?" मी म्हणाले, "झाला."

पास झाले. गटात सगळ्यात कमी गुण. पीएच.डी.साठी नागपूरला गेले. तिथले मार्गदर्शक भले वाटले. विषय सांगितला तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, तुमच्या विभागप्रमुखांचं एक पत्र लागेल. सरांनी पत्र पाठवलं. सोबत माझ्या माफीपत्राची प्रत. मार्गदर्शकांनी मला ती दाखवली, जड मनानं दाखवली, आणि म्हणाले, "नमुने सांभाळता येत नाहीत अशा विद्यार्थ्याला मी हे काम कसं देऊ?" माझ्या अक्षरातलं वाक्य मला माझ्याविरुद्ध वाचायला लावलं.

त्याच दिवशी मी तिथल्या ग्रंथालयात जाऊन बसले. आमच्या गटात संदर्भ काढायचं काम माझं नव्हतं, म्हणून परदेशी मासिकं मी कधी उघडलीच नव्हती. त्या दिवशी उघडली. जस्त या चकत्यांना निकेलपेक्षा जास्त मारतं, हे इतर ठिकाणी आधीच सापडलेलं होतं. छापून आलेलं होतं. सरांनी मासिक उघडलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं. मी तिथं टेबलावर डोकं ठेवून रडले. रागानं रडले. शेजारचा मुलगा उठून दुसऱ्या टेबलावर गेला.

आज त्याचा अर्थ असा सांगतात, की या पदार्थांतल्या जोडीची घडण सगळ्या दिशांनी सारखी नसते. एका दिशेला तिचं चिन्ह धन, तर आडव्या दिशेला ऋण. अशी जोडी नाजूक. तिला मोडायला चुंबकत्वच लागतं असं नाही. तांब्याची रांग मधेच तोडणारा जस्ताचा साधा अणूही तिला पुरतो. म्हणजे मध्यस्थ जुन्या धातूंतला नसावा, दुसराच कुणीतरी असावा. कोण, यावर अजून वाद आहे. छातीठोक कुणी सांगत नाही. मला त्या वादात बोलायचं होतं. चुकले असते, लोकांनी खोडून काढलं असतं, चाललं असतं. पण मला तिथं बसायचं होतं. तेवढं एकच हवं होतं मला आयुष्यात आणि ते त्या एका कागदानं घेतलं.

पुढच्या वर्षी सरांचा लेख छापून आला. सुहासनं पाठवला नाही, दुसऱ्याच एकानं दाखवला. त्यात जस्त जस्ताच्या जागी होतं आणि निकेल निकेलच्या जागी. सरांनी मधल्या काळात मासिक उघडलं असावं. आकडे माझ्या वहीतले, खाडाखोडीच्या आधीचे. लेखावर नावं दोन. सर आणि सुहास.

मी आष्टीला ज्युनिअर कॉलेजात लागले. भौतिकशास्त्र शिकवते. आता दोन हजार साल उलटूनही आठ-नऊ वर्षं झाली. माय आता माझ्यापाशी असते. एकदा माझ्याच लॅबमध्ये एका मुलीचं लोलकाचं वाचन फार वेगळं आलं. मी कामात होते. न बघता म्हणाले, "चुकलं असेल तुझं. पुस्तकातलं बघ आणि लिही." ती "हो मॅडम" म्हणाली आणि खोडायला लागली. रबराचा आवाज ऐकून मला कसंतरीच झालं. मी तिचा हात धरला. दोघींनी मिळून पुन्हा मोजलं. चूक तिचीच होती, दोरीची लांबी चुकली होती. पण ती आम्हाला मोजून सापडली. त्या दिवसापासून माझ्या लॅबमध्ये रबर ठेवायची बंदी आहे. दिसलं ते शाईनं लिहायचं. चुकलं तर एक रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि कुणी कुणाच्या वहीत हात घालायचा नाही. मीही नाही. मुलं मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

दर जूनमध्ये मी वर्ध्याला त्या कॉलेजात जाते. अर्ज एकच असतो. माझं माफीपत्र रद्द करावं आणि रद्द केल्याचं त्याच फाइलीत लिहावं. सोबत दोन कागद जोडते. एक माझ्या माफीपत्राची प्रत, त्यात नमुने बदलले म्हणून लिहिलं आहे. दुसरा सरांच्या छापील लेखाची प्रत, त्यातल्या आकड्यांवरून नमुने बदललेच नव्हते असं दिसतं. नवे विभागप्रमुख तरुण आहेत, नम्र आहेत. मी त्यांना म्हणाले, "हे दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत."

ते म्हणाले, "मॅडम, दोन्ही राहू द्या ना. सर आता थकलेत. या वयात त्यांचं मन दुखवायचं?"

"मी तेव्हा बावीस वर्षांची होते," मी म्हणाले. ते चहा मागवू लागले. मी चहा घेतला नाही.

ऑफिसात आवकजावक बघणारी बाई मला आता ओळखते. शिक्का मारते, क्रमांक देते. गेल्या खेपेला तिनं मायेनंच विचारलं, "जाऊ द्या ना, मॅडम. नोकरी हाये, सगळं बरं हाये. दरसाल काऊन येता?"

बरं नाही. माझ्या हातानं लिहिलेलं एक खोटं त्या कपाटात आहे आणि माझ्या नावानं रोज खरं म्हणून उभं आहे. सर आजारी असतात असं कळतं. मला कळवळा येत नाही, उगाच खोटं कशाला सांगू. त्यांनी माफी मागावी असंही मला वाटत नाही. त्यांच्या माफीचं मी काय करू? मला कागद हवा आहे. ते गेले तरी मी येणार. विभागप्रमुख बदलले तरी येणार. माझ्यामागे दुसरं कुणी येईल असं मी म्हणत नाही. सही माझी होती, ती मी केली, ती मीच काढून घेणार. रद्द, हा शब्द त्या फाइलीत शाईनं उमटलेला माझ्या डोळ्यांनी बघेपर्यंत मी इथला उंबरा सोडणार नाही.

त्या बाईकडून मी क्रमांक लिहून घेतला आणि शिक्का नीट उमटला आहे की नाही ते उजेडात धरून पाहिलं. पुसट होता. "पुन्हा मारा," मी म्हणाले.